खोट्या आरोपाला उत्तर कसं द्यायचं

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. संसार कुठेही मोडो, घटस्फोटाची तारीख पडते ती वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात. छळाचा आरोप झाला की मात्र वाटा फुटतात. तक्रार पोलीस ठाण्यात जाते, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज अनेकदा अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंडच्या दंडाधिकाऱ्यांपुढे. आणि फुकट सल्ला देणारा कुणीतरी सगळीकडे भेटतोच.

‘चारशे अठ्ठ्याण्णव लागलं की रात्रीच उचलतात,’ हा अशांचा आवडता सल्ला. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं ते कलम (498अ) 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 85 आणि 86 मध्ये गेलं आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या अर्नेशकुमार निकालापासून पोलिसांना अटकेची गरज का आहे, हे लेखी नोंदवावं लागतं. एरवी हजर राहण्याची नोटीस येते. ती पाळणाऱ्याला सहसा अटक होत नाही. फोन बंद करून गावी निघून जाणं हाच सगळ्यात महागडा मूर्खपणा. भीती खरीच असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा. अंधेरी-बोरिवलीकरांसाठी सत्र न्यायालय दिंडोशीला आहे.

‘फ्लॅट बाबांच्या नावावर आहे, तिचा काय संबंध?’ मुंबईत हा प्रश्न हमखास येतो आणि लगोलग कुलूप बदललं जातं. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते ‘सामायिक घर’ ठरू शकतं, म्हणजे सून तिथे राहण्याचा हक्क मागू शकते. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे; न्यायालय पर्यायी जागा किंवा भाडंही देववू शकतं. पण तो निर्णय न्यायालयाचा. कुलूप बदलणाऱ्या माणसाने ‘मी छळ केला नाही’ म्हटलं, तर दंडाधिकाऱ्यांना काय दिसेल?

‘खोटंच आहे, मग उत्तर कशाला?’ कारण दिवाणी प्रक्रियेत ज्या विधानाचा नेमका इन्कार नाही, ते मान्य केलं असं धरता येतं. ‘सर्व आरोप खोटे व बिनबुडाचे’ ही ओळ पुरत नाही. अमुक तारखेला मारलं असा आरोप असेल, तर त्या दिवसाचा हजेरीपट, प्रवासाचं तिकीट, बँकेची नोंद, पाहिलेला शेजारी, असं मुद्देवार उत्तर हवं. संभाषणं पुसू नयेत. मूळ फोन जपावा, त्यातल्या पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. जोडीदाराशी झालेल्या बोलण्याचं गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रणही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून येऊ शकतं, असा निकाल जुलै 2025 मध्ये झाला. तेव्हा रागात तुम्ही जे बोलता तेही येऊ शकतं.

‘बायका खोट्याच तक्रारी करतात,’ हा बचाव तर करूच नये. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या सुमारे 29 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं होतं. न्यायाधीशांसमोर हे वास्तव रोज येतं. त्यांना इतर बायकांबद्दलचं मत नको, तुमच्या घरातल्या त्या दिवसाचा हिशेब हवा.

आता राहिला सगळ्यात पक्का समज: आरोप खोटा ठरला की पोटगीही गेली. नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात 2012 साली बायकोने केलेली बदनामी ही मानसिक क्रूरता ठरली, नवऱ्याला घटस्फोट मिळाला. आणि त्याच निकालात तिला 50 लाख रुपये कायमची पोटगी द्यायचा आदेशही झाला. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. निर्दोष सुटलो म्हणजे तक्रार खोटी होती असंही आपोआप ठरत नाही. संशयाचा फायदा मिळूनही माणूस सुटतो.

आणि ‘म्युच्युअल’, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोट, झाला की पोलिसातली केसही मिटते, हेही खरं नाही. छळाचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि तडजोडीवर तो रद्द व्हायला तिथे बायकोची संमती लागते. ती कधी देणार, हे संमतीच्या अटींत सही करण्याआधीच लिहून घ्यावं.