झाडू उगारण्यापूर्वी जरा थांबा!

पावसाळा सरत आला की नागपुरातल्या बौद्ध घरांमध्ये साफसफाईची धांदल सुरू होते. धम्मचक्र प्रवर्तन दिन तोंडावर आलेला असतो. बाहेरगावचे नातलग दीक्षाभूमीवर येणार, दोन दिवस घरी मुक्काम करणार, म्हणून भिंतींना चुना लागतो, माळ्यावरची भांडी खाली उतरतात, कपाटे सरकवली जातात. आणि नेमकी याच वेळी कपाटामागून तळहाताएवढी मकडी भिंतीवर धावत येते. मग पोरांची आरडाओरड, बायांची धावपळ, एक झाडू किंवा चप्पल, आणि क्षणात सारे संपते. हा लेख त्या एका क्षणाबद्दल आहे. झाडू उगारण्यापूर्वी माणसाने काय पाहावे, आणि न पाहिल्याने मकडीपेक्षा माणसाचेच नुकसान कसे होते, एवढेच सांगायचे आहे.

पुस्तकी मराठीत हिला कोळी म्हणतात, कुठे कातीण म्हणतात. आपण नागपूरकर मकडीच म्हणतो. हा शब्द आपल्याला परका नाही. पाली भाषेत कोळ्याला ‘मक्कटक’ असा शब्द आहे. धम्मपदाच्या तण्हावग्गात तृष्णेत अडकलेल्या माणसाला स्वतःच विणलेल्या जाळ्यावरून खाली जाणाऱ्या मक्कटकाची उपमा दिलेली आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी मकडीकडे झाडू न घेता, शांतपणे पाहिले होते.

कळमन्यातच एवढ्या मकड्या का?

कळमना हा नागपूरच्या पूर्वेचा भाग. कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार इथे आहे. धान्य, मिरची, भाजीपाला, संत्री यांचे ट्रक रात्रंदिवस येत-जात असतात. आजूबाजूच्या वस्त्यांत हमाल, मापारी, हातठेलेवाले, छोटे दुकानदार राहतात. रिकामी पोती, फळांच्या पेट्या, तणस हे सामान घराच्या आडोशाला पडलेले असते. जिथे धान्य आणि फळे, तिथे झुरळे व रातकिडे येणारच. आणि जिथे झुरळे, तिथे त्यांना खाणारेही येणार. यात घरावर कोणाची नजर लागली, कोणी काही केले, असे काहीही नाही. अन्नाच्या मागे अन्न खाणारा जातो, हा साधा कार्यकारणभाव आहे.

भिंतीवर दिसणारी ती मोठी, भुरकट रंगाची, चपट्या अंगाची मकडी बहुधा शिकारी कोळी असते. शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ साली तिला नाव दिले; त्यातल्या ‘व्हेनाटोरिया’चा अर्थच शिकार करणारी असा आहे. अंग जेमतेम इंचभर, पण पाय पसरले की तीन-चार इंचांचा पसारा. म्हणून ती आहे त्यापेक्षा मोठी भासते. ती जाळे विणून बसत नाही. दिवसा फटीत लपते, रात्री बाहेर पडून झुरळे पकडते. खेकड्यासारखी तिरपी धावते, म्हणून आपला जीव दचकतो. व्यापारी जहाजांतून, मालाच्या पेट्यांमधून ही मकडी जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोचली आहे. तेव्हा बाजाराशेजारच्या आपल्या वस्तीत ती दिसली तर नवल कसले?

कधी तिच्या पोटाखाली चपटी, गोल, पांढुरकी चकती दिसते. पुष्कळांना तो विषाचा फोड वाटतो. ती अंड्यांची पिशवी असते. त्यात शेकड्याने अंडी असतात, आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत मादी ती पिशवी छातीशी धरून फिरते. घराबाहेर, गवतात, दुसरी एक मकडी दिसते, तिच्या पाठीवर बारीक पिल्लांचा ढीग असतो. तिला लांडगा कोळी म्हणतात. पेरूच्या झाडात किंवा कुंपणात जाळ्याच्या मधोमध डोके खाली करून बसणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची मकडीही याच दिवसांत मोठी झालेली असते. तिच्या जाळ्यात जाड पांढऱ्या धाग्याची नागमोडी फुली असते. जणू तिने सही केली आहे, म्हणून इंग्रजीत तिला सिग्नेचर स्पायडर म्हणतात. याहून मोठी पाहायची असेल तर ताडोबाच्या जंगलात जावे. तिथे झाडाझाडांमध्ये जाळे ताणून बसणारी जायंट वुड स्पायडर आहे.

मकडीत विष असते का? असते, जवळजवळ सगळ्या जातींत असते. पण ते किड्यांना मारण्यापुरते. आपल्या घरातली शिकारी मकडी दाबली-चेपली तर चावू शकते. दुखते, सूज येते, पण धडधाकट माणसाच्या जिवाला त्यापासून धोका नसतो. चावा झाला तर जागा साबण-पाण्याने धुवावी, बर्फ लावावा, आणि दुखणे वाढत गेले किंवा श्वासाला त्रास झाला तर तडक दवाखाना गाठावा.

खरा धोका ‘मकडी मुतली’ या शब्दांत

आता मुद्द्याची गोष्ट. एखाद्याच्या कमरेवर, छातीवर, गळ्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड उठले की आपल्याकडे लगेच निदान होते, मकडी मुतली! मग गेरूचा लेप, कोणी फुंकर मारणारा, कोणी मंत्र घालणारा. आमच्या भागातल्या एका साठीच्या बाईला असेच फोड कपाळावर, एका डोळ्याच्या वरच्या बाजूला आले. आठ दिवस लेप आणि फुंकर यात गेले. दवाखान्यात नेईपर्यंत डोळा लाल होऊन सुजला होता. डोळा वाचला, पण दिसणे अधू झाले, आणि कपाळाची आग पुढे कित्येक महिने तिला झोपू देत नव्हती. त्या घरात मकडी मात्र कोणीच पाहिलेली नव्हती.

मकडी माणसासारखी लघवी करीत नाही. तिच्या शरीरातला टाकाऊ भाग पांढुरक्या दाट थेंबासारखा पडतो, त्याने कातडी भाजत नाही. मग ते फोड कसले? पुष्कळदा ती नागीण असते. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंत दबून राहतो. वय झाले किंवा अंगातली शक्ती घटली की तो एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर पडतो. म्हणूनच फोड अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे येतात आणि आधी दोन-तीन दिवस तिथे आग होते. यावर असायक्लोव्हिरसारखी औषधे आहेत. मात्र ती फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वांत चांगला गुण येतो. म्हणजे गेरू लावण्यात जे तीन दिवस जातात, तेच तीन दिवस मोलाचे असतात. डोळ्याजवळ नागीण आली तर एक दिवसही थांबू नये. मेयो किंवा मेडिकलमध्ये जावे.

दुसरे कारण पावसाळी किड्याचे. लाल-काळ्या रंगाचा, मुंगीसारखा दिसणारा एक लांबट किडा दिव्यावर येतो. झोपेत तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजते आणि सकाळी लाल रेघ व फोड दिसतात. गुन्हा किड्याचा आणि फाशी मकडीला, असा हा न्याय!

अज्ञान किती महागात पडते हे २०१२ साली आसामात दिसले. तिनसुकिया जिल्ह्यातल्या सदिया भागात मोठे कोळी चावल्याची बातमी पसरली, घबराट माजली, दोन मृत्यू झाले. रुग्णांना आधी ओझांकडे, म्हणजे मांत्रिकांकडे नेले होते, आणि जखमा ब्लेडने कापून रक्त काढण्यात आले होते. शवविच्छेदन झालेच नाही, त्यामुळे मृत्यू विषाने झाला की उपचाराने, हे सिद्ध होऊ शकले नाही. आपल्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. मकडीचे नाव त्यात नसले तरी बोध तोच आहे.

एहिपस्सिको: या आणि पहा

आपण विहारात धम्मवंदना म्हणतो. त्यात धम्माचा एक गुण येतो, ‘एहिपस्सिको’. या आणि स्वतः पहा. कोणी सांगितले म्हणून, परंपरा आहे म्हणून मानू नका, हा तथागतांचा कालामांना केलेला उपदेश आपण भाषणात वारंवार सांगतो. तो मकडीलाही लावून पाहावा. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. परित्राण पाठातल्या खन्ध परित्तात तर साप, विंचू, गोम, पाल, उंदीर यांच्याबरोबर ‘उण्णनाभि’ म्हणजे कोळी याचेही नाव आहे. एक भिक्खू सर्पदंशाने मरण पावला, तेव्हाची ती देशना. तिचा गाभा मैत्रीचा आहे. कोणी तिचा उतारा करू नये. मैत्री मनात आणि रुग्ण दवाखान्यात, दोन्ही एकाच वेळी असावे.

पाहायचे कसे? आज जवळपास प्रत्येक घरात कॅमेरा असलेला मोबाईल आहे. झाडू घेण्याआधी तो हातात घ्या. मकडी दिसली की हातभर अंतर ठेवा, तिला डिवचू नका. पांढऱ्या भिंतीवर सरळ फ्लॅश मारला तर चित्र उजळून जाते, म्हणून दुसऱ्या मोबाईलच्या बॅटरीचा उजेड बाजूने पाडा. एक फोटो वरून, पूर्ण आठ पाय दिसतील असा घ्या. एक समोरून, डोळ्यांचा. डोळ्यांची मांडणी हीच ओळखीची मोठी खूण असते. शक्य असल्यास जवळ मोजपट्टी धरा, म्हणजे ‘ताटाएवढी होती’ ही गोष्ट तीन इंचांवर येते! रात्री बॅटरी डोळ्यांच्या पातळीवर धरून अंगणात पाहा. गवतात लांडगा कोळ्यांचे डोळे दवाच्या थेंबासारखे चमकतात. मुलांना हा खेळ फार आवडतो.

आम्ही कारकून मंडळी, नोंदीशिवाय आमचे समाधान होत नाही. म्हणून वस्तीतल्या मुलांना एक साधे रजिस्टर घालून दिले आहे. तारीख, वेळ, जागा, लांबी, काय करीत होती, असे रकाने. पहिल्या आठवड्यात ‘भयंकर’ हा शब्द पानोपानी होता. आता ‘झुरळ खात होती’, ‘अंडी धरून होती’ अशा नोंदी येतात. भीतीची जागा माहितीने कशी घेतली, हे त्या रकान्यांतच वाचता येते. फोटोचा दुसराही उपयोग आहे. कोणाला खरोखर काही चावले, तर डॉक्टरांना फोटो दाखवता येतो. अंदाजाने बोलावे लागत नाही.

मुलांनी याला पोरखेळ समजू नये. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे, भारतात १,९०० च्या वर. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे बी. के. टिकादर यांनी भारतीय कोळ्यांवर आयुष्यभर काम करून १९८७ साली हस्तपुस्तिका दिली. आपल्या विदर्भात दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयात डॉ. अतुल बोडखे यांनी कोळ्यांच्या संशोधनाचे केंद्र उभे केले. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या एका नव्या कोळ्याला संशोधकांनी २०२१ मध्ये ‘इसियस तुकारामी’ हे नाव दिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्याला जिवंत पकडून देताना शहीद झालेले, अशोकचक्राचे मानकरी तुकाराम ओंबळे यांचे ते नाव. ज्या प्राण्याला आपण चपलेने मारतो, त्याला वीराचे नाव देण्यात कोणालाच कमीपणा वाटला नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे जगातले कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन किडे व इतर बारीक जीव खातात. हे काम बंद पडले तर फवारणीचा खर्च कोण देणार? तो आपल्याच खिशातून जाणार.

घरात लहान मूल आहे, मकडी नकोच, असे कोणाला वाटले तर त्यातही गैर काही नाही. तिच्यावर एक मोठी वाटी पालथी घाला, खालून लग्नपत्रिकेचा जाड कागद हळूच सरकवा आणि बाहेर नेऊन झुडपात सोडा. जुनी जळमटे खुशाल झाडा. पोती, पेट्या, कचरा घरापासून दूर ठेवा. झुरळे कमी झाली की मकडीही आपोआप कमी होईल.

माताभगिनींना एक विनंती आहे. महिला मंडळाच्या पुढल्या बैठकीत एवढे दोन शब्द जरूर सांगा: फोड उठले तर तीन दिवसांच्या आत डॉक्टर, आणि मकडी दिसली तर आधी नजर. यंदा चुना मारताना जळमटांबरोबर ‘मकडी मुतली’ हे शब्दही घराबाहेर काढा. जय भीम!