इंग्रजी उपवनांतील गोल्फची भूमि व नाशिकचें ‘गोल्फ क्लब मैदान’

नाशिक येथील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान पूर्वी ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणून ओळखलें जाई. लोकांच्या बोलण्यांत तें नांव अद्यापहि आढळतें. आमच्या खानदेशाच्या शेजारच्या ह्या स्थलनामाचा उलगडा होण्यास गोल्फच्या भूमीची रचना कशी असते, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

गोल्फ हा मूळ स्कॉटलंडच्या समुद्रकांठचा खेळ. वाळूच्या टेंकड्या, वाऱ्यानें पडलेले खळगे व मेंढरांनीं चरून आंखूड केलेलें गवत ही त्याची स्वाभाविक भूमि. पुढें हा खेळ इंग्लंडच्या अंतर्भागांत पसरला, तेव्हां उमरावांचीं जुनीं उपवनें त्याच्या कामीं आलीं. ह्यांपैकीं कित्येक मूळचे हरणांचे रमणे होते. अठराव्या शतकांत लॅन्सेलॉट ब्राउन व हंफ्री रेप्टन ह्यांनीं अशा अनेक उपवनांस विस्तीर्ण हिरवळ, विरळ वृक्षपुंज व वळणदार तळीं असें रूप दिलें. बकिंगहॅमशायरमधील स्टोक पार्कला दोघांचाहि हात लागलेला होता; तेथेंच हॅरी कोल्ट ह्यानें १९०८ सालीं गोल्फची आंखणी केली.

ह्या रचनेंत सामान्यतः अठरा टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यास आरंभीं चेंडू मांडण्याची जागा, मध्यें कापलेल्या गवताचा पट्टा व अखेरीस खळग्याभोंवतीं अगदीं बारीक कापलेली हिरवळ. जुने वृक्ष मार्गाची कड ठरवितात, तळें आडवें येऊन नेम पारखतें. वाळूचे खळगे मात्र मुद्दाम खणावे लागतात. ती समुद्रकांठची आठवण होय. म्हणजे पूर्वीची भूमि येथें पुसली जात नाहीं. तिच्यावरच नवा लेख लिहिला जातो.

मुंबईंत गोल्फचा क्लब १८४२ सालीं निघाला. परंतु आपल्याकडे पाऊस चारच महिने, व उन्हाळ्यांत गवत करपून जातें. म्हणून हिंदुस्थानांत अनेक ठिकाणीं खळग्याभोंवतीं हिरवळीऐवजीं तेल घालून दाबलेली वाळू पसरीत. अशा उघड्या माळावर खेळ थांबला कीं खुणा लवकर मिटतात. उरतें तें नांव.

२१ डिसेंबर १९०९ रोजीं अनंत लक्ष्मण कान्हेरे ह्यांनीं नाशिकचा कलेक्टर जॅक्सन ह्यास विजयानंद नाट्यगृहांत गोळी घातली, व १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास ते फांशीं गेले. राज्यकर्त्यांच्या खेळाच्या जागेस त्यांचें नांव मिळालें, हें उचितच झालें. तथापि नवें नांव स्मरणार्थ असतें, तर जुनें नांव पुरावा असतो. संशोधकानें दोन्हीं टिपलीं पाहिजेत.

खानदेशांत हें काम बरेंच आहे. कॅप्टन ब्रिग्ज ह्यानें १८१९ पासून नवें धुळें वसविलें. १८२५ सालीं औट्रमनें भिल्ल पलटण उभारून धरणगांवीं तिचें ठाणें केलें. अशा गांवांतील छावणी, कवाईत, बंगला, क्लब ह्यांवरून पडलेलीं नांवें वृद्धांच्या तोंडून लिहून घेऊन नकाशावर मांडावीं. कागद दप्तरांत निदान पडून तरी राहतो. बोलण्यांतलें नांव बोलणाऱ्याबरोबरच जातें.