सोऱ्याची चकती आणि मुरुडचा रस्ता

रेवदंड्याचा खाडीपूल ओलांडून साळावला उतरलं की मुरुडचा रस्ता रंग दाखवू लागतो. समुद्राला बिलगून वळणं, मध्येच चढ, गावागावात गतिरोधक आणि पावसाळा सरला की खड्डे. खड्ड्यात मागच्या सीटवरचा कळवळतो, ‘गाडी मऊ हवी होती!’ वळणावर गाडी कलली की तोच म्हणतो, ‘जरा कडक असती तर?’

दोन्ही वेळा त्याचंच बरोबर असतं. धक्का झेलते ती स्प्रिंग. ती नंतर नाचत राहू नये, म्हणून तिचा जोर तेलात जिरवायचा, हे शॉकअपचं काम. नळीत दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं, त्यातून तेल रेटलं जातं आणि तापतं. आपला सोऱ्याच तो. बारीक शेवेची चकती लावली की हात भरून येतात, मोठ्या भोकाची लावली की पीठ सुळकन उतरतं. साध्या शॉकअपची चकती कारखान्यातच ठरते. मग रस्ता मुरुडचा असो की द्रुतगती मार्ग.

इलेक्ट्रॉनिक शॉकअप ही चकती धावत्या गाडीत बदलतो. चाकं आणि बॉडी किती हलताहेत हे सेन्सर सांगतात, त्यानुसार विजेवरची झडप तेलाची वाट रुंद-अरुंद करते. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ या विजेच्या गाडीच्या महागड्या प्रकारात असे स्वतःला जुळवून घेणारे शॉकअप आहेत.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते: भोक तेवढंच ठेवून पीठच घट्ट करायचं! तेलात लोखंडाची अतिसूक्ष्म भुकटी असते. दट्ट्यातल्या वेटोळ्यातून वीज सोडली की चुंबकत्वाने कणांच्या साखळ्या बनतात आणि तेल अडून बसतं. वीज थांबली की पुन्हा पातळ. असा द्रव जेकब रॅबिनो यांनी १९४०च्या दशकात अमेरिकेत केला, तोही क्लचसाठी. मोटारीच्या शॉकअपमध्ये तो २००२ साली, कॅडिलॅक सेव्हिलमधून आला. तेल घट्ट-पातळ होण्याचा हा बदल काही मिलिसेकंदांत होतो. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी पाच मिलिसेकंदांत जेमतेम पाच सेंटीमीटर सरकते.

मात्र दोन्ही युक्त्या फक्त अडवू शकतात, चाक उचलून खड्ड्यापलीकडे ठेवू शकत नाहीत. शिवाय किनाऱ्यावर खारी हवा आहेच. दट्ट्याच्या दांड्यावर गंजाचे डाग पडले की ते तेल अडवणारं सील खरवडतात, तेल झिरपू लागतं, आणि मग सेन्सर कितीही हुशार असला तरी नळीत अडवायला तेल उरत नाही.