पेटीतल्या माशा चिडक्या का होतात?

सातेरीची पहिली पेटी घरी येते तेव्हा डोक्यात मधाचा हिशेब असतो. मग एखाद्या तपासणीला माशा अंगावर येतात, शेजारच्या पोराला डसतात, आणि "ही पेटी भांडखोर आहे, देऊन टाका" असा सल्ला मिळतो. ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जाणारं भुदरगडमधलं पाटगाव असो, नाहीतर करवीरचा उसाचा पट्टा, नव्या मधपाळाला हा सल्ला कुठंही मिळू शकतो. पण पेटी देण्याआधी एक प्रश्न विचारा: माशा स्वभावानंच चिडक्या आहेत, की कशानं तरी चिडल्यात? दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

आधी चिडणं म्हणजे काय ते बघू. माशी डसते तेव्हा नांगीजवळून एक वास सुटतो. त्यातला महत्त्वाचा घटक म्हणजे आयसोअमाइल ॲसिटेट. बॉक, शिअरर आणि स्टोन यांनी तो 1962 मध्ये ओळखला. पिकलेल्या केळ्याच्या वासातही तो असतो. आपल्याला केळं आठवतं, माशांना मात्र धोका कळतो. नांगी कातडीत अडकते, विषाची पिशवी तिच्यासोबत तुटून येते, वास सुटत राहतो आणि पुढची माशी नेमकी तिथंच येते. म्हणून नांगी लगेच काढा. नखानं खरवडा किंवा चिमटीत धरून ओढा. पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा, हे 1996 मध्ये प्रयोगानं दाखवलं गेलंय. मग त्या जागी थोडा धूर द्या.

धूर नेमकं काय करतो? 1995 च्या एका अभ्यासात माशीच्या शृंगिकांमधले विद्युतसंकेत मोजले गेले. धूर दिल्यावर शृंगिका या धोक्याच्या वासाला कमी प्रतिसाद देत होत्या, आणि 10 ते 20 मिनिटांत पूर्ववत होत होत्या. म्हणजे धूर पेटी उघडण्याआधी द्यायचा, माशा उठल्यावर नाही. शिवाय सातेरीला धूर थोडाच हवा. जास्त झाला की ती पोळ्यावरून सैरावैरा पळते, आणि फार त्रास झाला तर अख्खी वसाहत पेटी सोडून जाते. परदेशी पुस्तकातले सल्ले बहुतेक मेलिफेरा माशीसाठी असतात. ते जसेच्या तसे उचलू नका.

आता कारणं शोधू.

पहिलं, वेळ. डसायला येतात त्या मुख्यतः वयानं मोठ्या कामकरी माशा. ऊन पडलेलं असतं, फुलोरा असतो, तेव्हा त्यातल्या बऱ्याच बाहेर चरायला गेलेल्या असतात. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी उघडलं तर सगळ्या घरात सापडतात.

दुसरं, उपासमार. गगनबावडा-राधानगरीकडं पावसाची झड लागली की माशांना बाहेर पडता येत नाही. साठा संपत आला की त्या उरलेलं जिवापाड राखतात. अशा वेळी साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक करा आणि संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. बाहेर सांडू देऊ नका. वासावर दुसऱ्या वसाहतीच्या माशा लुटायला येतात. पेटीचं दार लहान ठेवा.

तिसरं, त्रास. मुंग्या, गांधीलमाशी, पेटीला बसणारे धक्के. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. पेटीचं तोंड वाटेकडं किंवा गोठ्याकडं नको. बांधलेल्या जनावराला पळता येत नाही.

चौथं, राणी. राणी नसलेली वसाहत अस्वस्थ असते. चौकट उन्हाकडं धरून घरांच्या तळाशी अंडी दिसतात का बघा. एका घरात एकच अंडं, तेही तळाच्या मध्यावर, म्हणजे राणी आहे. एकाच घरात अनेक अंडी दिसली तर बहुधा कामकरी माशाच अंडी घालू लागल्यात. मग जाणत्या मधपाळाला बोलवा.

आम्ही प्रयोगशाळेत एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथंही तेच करा. वहीत तारीख, वेळ, आभाळ, फुलोरा लिहा. हातमोज्यावर किती नांग्या अडकल्या आणि माशा किती पावलं मागं आल्या तेही लिहा. तीन चांगल्या दिवशी, राणी आणि अन्न दोन्ही असताना, माशा तशाच वागल्या तर मात्र प्रश्न स्वभावाचा, म्हणजे आनुवंशिकतेचा.

त्यावर उपाय राणी बदलणं. जुनी राणी काढायची, पेटीत तयार झालेली राणीची घरं मोडायची आणि शांत वसाहतीतली ताजी अंडी-अळ्या असलेली चौकट द्यायची. त्यातून नवी राणी तयार होते. पण ती हवेत अनेक नरांशी मीलन करते आणि ते नर आपण निवडलेले नसतात. त्यामुळं खात्री शंभर टक्के नाही. जुन्या माशा मरून नव्या राणीची पिल्लं त्यांची जागा घेईपर्यंत दोनेक महिने जातात. आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका. पहिल्यांदा हे एकट्यानं करू नका. महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथं प्रशिक्षण मिळतं.

शेवटी, एका गोष्टीवर वाट पाहायची नाही. डसल्यावर दम लागला, ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या किंवा चक्कर आली, तर घरगुती लेप लावत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि त्या माणसानं, डॉक्टरांनी सांगेपर्यंत, पेटीजवळ पुन्हा जायचं नाही, मग माशा कितीही शांत असोत.