जुना ड्रमसेट, नवा नाद (भाग ७) : टॉमची आस जाते कुठे?

गेल्या भागात हेड बदलून सूर लावण्यापर्यंत आपण आलो. सूर नीट लागला तरी अनेकांची एक तक्रार उरतेच. टॉम हातात धरून वाजवला तर छान बोलतो. ठोका पडतो, सूर उमटतो आणि थोडा वेळ रेंगाळतो. तोच टॉम बेस ड्रमवरच्या होल्डरला लावला, स्क्रू आवळला आणि वाजवला की नुसतं ‘धप्’. हेड तेच, चावीला कुणी हात लावलेला नाही, तरी आस गेली. बदलली ती फक्त टॉमची पकड, आणि या भागाचा विषय तीच आहे.

उदाहरणाला शिकागोच्या लुडविग कंपनीचा १९६०च्या दशकातला ‘डाउनबीट’ सेट घेऊ. त्यात २० इंची बेस ड्रम, १४ इंची फ्लोअर टॉम आणि बेस ड्रमवर बसणारा १२ बाय ८ इंचांचा टॉम असतो. बीटल्सच्या रिंगो स्टारने १९६३ मध्ये हाच सेट घेतला आणि ९ फेब्रुवारी १९६४ च्या एड सलिव्हन शोनंतर लुडविगला मागणी पुरी करता करता नाकी नऊ आले. या टॉमचा शेल लाकडाच्या तीन पातळ थरांचा असतो, आत वर-खाली मजबुतीच्या कड्या. शेलच्या पोटावर एक धातूचं ब्रॅकेट स्क्रूंनी बसवलेलं असतं. होल्डरचा वाकडा दांडा त्यात शिरतो आणि त्याचं दुसरं टोक बेस ड्रमवर असतं. म्हणजे टॉमचा सगळा भार शेलच्या एका बाजूला, चार बोटं रुंदीच्या जागेवर.

त्या काळात स्लिंगरलँड, ग्रेच, रॉजर्स या सगळ्यांची रीत थोड्याफार फरकाने अशीच होती. रॉजर्सच्या ‘स्विव्ह-ओ-मॅटिक’ होल्डरमध्ये गोळा आणि खोबणीची रचना होती, त्यामुळे टॉम हवा तसा कलवता येई. पण अखेर पकडलेला शेलच. पुढे जपानी पर्लने तर जाड नळी थेट शेलच्या आत घातली. कार्यक्रम संपेपर्यंत टॉम जागचा हलता कामा नये, एवढीच तेव्हा कारखान्यांना काळजी होती, आणि ते काम त्यांनी चोख केलं.

आता ठोका पडल्यावर काय होतं ते पाहू. वरचं हेड खाली जातं, आतली हवा दाबली जाते आणि ती खालच्या हेडला ढकलते. टॉमचा जो सर्वांत खालचा, भरदार सूर आपल्या कानी येतो, त्यात दोन्ही हेड एकाच दिशेने हलत असतात. ती खाली गेली की शेल वर येऊ पाहतो, ती वर आली की शेल खाली. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण टॉमला ती करू दिली तरच सूर टिकतो. शेल दांड्याने बेस ड्रमला जखडला, की प्रत्येक हेलकाव्याला टॉमला तो दांडा, होल्डर आणि खालचा बेस ड्रमही हलवावा लागतो. हेडमधली शक्ती तिकडे वाहून जाते. टॉम वाजवताना बेस ड्रमच्या हेडवर तळवा ठेवा, गेलेली आस तिथे गुणगुणताना हाताला लागेल. आपल्याकडे तबला चुंबळीवर ठेवतात, स्क्रूने स्टँडला आवळत नाहीत, ते उगीच नाही.

यातली आणखी एक गोष्ट अनेकांना चकवते. दांडा, होल्डर आणि टॉम मिळून जी जोडणी होते, तिचीही एक ठरावीक कंपनसंख्या असते. टॉमचा सूर तिच्या जवळ आला की नुकसान सर्वाधिक होतं. म्हणून कधी कधी टॉम अर्धा सूर चढवला किंवा दांडा दोन इंच आत सरकवला तरी तो अचानक मोकळा होतो. पैसे खर्च करण्यापूर्वी हा फुकटचा उपाय करून पाहावा.

त्याहीआधी दोष खरोखर पकडीचा आहे का, हे ठरवायला हवं. टॉम होल्डरवरून काढा, वरच्या हूपखाली एक-दोन बोटं घालून अधांतरी धरा आणि मधोमध एक साधा ठोका द्या. मग तो होल्डरला लावून तितक्याच जोराने पुन्हा वाजवा. दोन आवाजांत जमीन-अस्मानाचा फरक असेल तर होल्डर चोर. हातातही टॉम मुकाच असेल तर होल्डरला बोल लावू नका, चोर शेलच्या घरातच आहे.

घरातले चोर साधारण ठरलेले. पहिला आतला मफलर. जुन्या टॉममध्ये बाहेरच्या गोल बटणाने फिरणारी नमद्याची गादी असते. बटण सैल असलं तरी ती हेडला टेकलेली राहू शकते, तेव्हा हेड काढून डोळ्यांनी खात्री करा. दुसरा, लगच्या आतली स्प्रिंग. तिच्याभोवतीचा नमदा झडला की ती किणकिणते. थोडा नमदा किंवा कापूस भरला की गप्प बसते. तिसरा, शेलची धार, म्हणजे हेड टेकतं ती कड. शेल सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटवर पालथा ठेवा, आत दिवा सोडा, खोलीत अंधार करा. जिथून प्रकाश झिरपेल तिथे हेड नीट टेकत नाही. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सेटमध्ये आतल्या कडीचा डिंकही सुटलेला असू शकतो. बोटाने टकटक करत फिरलं की पोकळ आवाज जागा दाखवून देतो.

हे सगळं निस्तरल्यावर पकडीकडे वळू. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ब्रॅकेट आणि शेल यांच्यामध्ये पातळ रबराची पट्टी, आणि आत स्क्रूच्या डोक्याखाली रबरी वायसर. याने फरक पडतो, पण थोडाच, कारण भार अजून शेलवरच असतो. दुसरा उपाय, टॉम बेस ड्रमवरून उचलून सिंबलच्या जड स्टँडला लावणं. याने निदान बेस ड्रमशी असलेली देवाणघेवाण थांबते. तिसरा, टॉम स्नेअरच्या स्टँडमध्ये ठेवणं. जुन्या टॉमसाठी हा सोपा उपाय आहे, कारण शेलला काहीच करावं लागत नाही. मात्र स्टँडचे पंजे खालच्या हूपला जेमतेम धरतील इतकेच आवळायचे. घट्ट आवळले की आस पुन्हा गेलीच.

पक्का इलाज अमेरिकेत गॅरी गॉगर यांनी १९८०च्या सुमारास काढला. त्याचं नाव ‘रिम्स’. टॉमभोवती अर्धवर्तुळाकार धातूची पट्टी येते, तिच्या कानांत रबरी बुश असतात आणि वरच्या हूपचे टेन्शन रॉड त्या बुशमधून जातात. दांडा धरतो तो पट्टीला. शेलला कुणी हातच लावत नाही, टॉम आपल्याच रॉडांवर लोंबकळतो. पुढे बहुतेक मोठ्या कंपन्यांनी याच विचाराच्या आपापल्या आवृत्त्या काढल्या. टामाची ‘स्टार-कास्ट’ त्यांतलीच. यामाहाने ‘येस’ या पद्धतीत वेगळी वाट धरली. पकड शेलवरच ठेवली, पण शेल जिथे सर्वांत कमी थरथरतो तिथे, आणि मोजक्या बिंदूंवर.

जुन्या सेटला अशी पट्टी घेताना टॉमचा व्यास सांगून भागत नाही. लगही मोजा. लुडविगच्या १२ इंची टॉमला ६ लग, तर ग्रेचच्या त्याच मापाच्या टॉमला ५. मोजणी चुकली तर रॉड आणि बुश जुळणारच नाहीत. मूळ ब्रॅकेट काढून पट्टीवर बसवता आलं तर उत्तम, जुना होल्डर तसाच वापरता येतो. नाही जमलं तर ब्रॅकेट स्क्रूंसकट पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून जपून ठेवा. शेलला नवं भोक मात्र कुठल्याही परिस्थितीत पाडू नका. पट्टी उद्या काढून ठेवता येईल, भोक बुजलं तरी खूण राहते आणि सेटची किंमत उतरते.

तोटेही आहेत. असा टॉम ठोक्यासरशी डुलतो आणि सवय होईपर्यंत हात बिचकतो. पट्टीमुळे टॉम दांड्यापासून पुढे येतो, म्हणून दोन टॉम अगदी जवळजवळ बसवता येत नाहीत. हेड बदलताना पट्टीही सुटते, ती वेगळी कटकट.

आणि मुळात एवढी आस हवी आहे का, हेही विचारायला हवं. त्या काळातल्या कित्येक ध्वनिमुद्रणांत टॉम मुद्दाम कोरडा ठेवलेला ऐकू येतो. खुद्द रिंगो बीटल्सच्या अखेरच्या वर्षांत टॉमवर चहाचे टॉवेल पसरून वाजवत असे. तरीही माझं मत टॉम मोकळा टांगण्याच्याच बाजूने. मोकळ्या टॉमवर टॉवेल टाकला की तो हवा तेव्हा कोरडा होतो, जखडलेल्या टॉमला मात्र कुठलंही कापड आस देऊ शकत नाही.

फ्लोअर टॉमचं दुखणं निराळं. तो टांगलेला नसतो, तीन पायांवर उभा असतो आणि त्याची आस जमिनीत जाते. त्या पायांखाली काय घालायचं, ते पुढच्या भागात. तोवर बोटांवर धरून ऐकण्याची चाचणी तुमच्या प्रत्येक टॉमवर करून पाहा आणि कुठला किती मुका होतो ते लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात ती यादी लागणार आहे.