साडी खरी, मग फोटोतला रंग खोटा कसा?

मागे आमच्या गटाने बारीक चौकड्याच्या साडीचा फोटो मोबाईलवरून गिऱ्हाइकाला पाठवला. साडी साधी काळी-पांढरी. फोटोत मात्र तिच्यावर गुलाबी, हिरवट लाटा उमटलेल्या. त्या ताईंनी साडी परत पाठवली. म्हणाल्या, "फोटोतली ही नव्हेच." जाण्यायेण्याचा खर्च आमच्याच माथी बसला. कापडात तर खोट नव्हती. मग घोळ कुठे झाला?

मोबाईलच्या भिंगामागे नखाएवढा चौकोनी तुकडा असतो, त्याला सेन्सर म्हणतात. त्यावर ठिपक्यांच्या रांगोळीसारखे कोट्यवधी ठिपके असतात. ठिपक्याला उजेड किती पडला एवढंच कळतं, रंग कळत नाही. म्हणून प्रत्येकावर रंगीत काचेसारखा पातळ थर देतात. चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट १९७६ सालचं, आणि आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात.

आता गंमत बघा. लाल ठिपक्याला हिरवा, निळा दिसतच नाही. ते रंग कॅमेरा शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. एकरंगी भिंतीवर अंदाज बरोबर येतो. पण चौकडा ठिपक्यांइतका बारीक झाला, की काळी रेघ लाल ठिपक्यावर पडते, पांढरी हिरव्यावर. कॅमेऱ्याला वाटतं, इथे हिरवाच रंग आहे! दोन चाळण्या एकावर एक धरून उजेडाकडे बघा, तशाच लाटा दिसतील.

यावर काहींनी वेगळ्या वाटा शोधल्या. मला सगळ्यात आवडलेली वाट फोव्हिऑन सेन्सरची. सिग्मा कंपनीने २००२ साली तो कॅमेऱ्यात घातला. सिलिकॉनमध्ये निळा उजेड वरच्यावर जिरतो, हिरवा थोडा खाली, लाल सर्वांत खोल. पाऊस जमिनीत मुरावा तसा. म्हणून एकाखाली एक तीन थर केले. एकाच जागी तिन्ही रंग मोजले जातात, शेजाऱ्याला विचारायला नको. मग सगळीकडे तोच का नाही? कारण थरांत रंग एकमेकांत मिसळतात, ते वेगळे करायला बरंच गणित लागतं, आणि कमी उजेडात फोटो दाणेदार येतो.

फुजीफिल्मने २०१२ साली ठिपक्यांची रांगोळीच बदलली. छत्तीस ठिपक्यांत वीस हिरवे, आठ लाल, आठ निळे, तेही जरा विस्कटून मांडलेले. त्याने लाटा कमी होतात.

आपल्या मोबाईलमध्ये तिसराच प्रकार सापडेल. एकाच रंगाचे चार ठिपके शेजारी, कमी उजेडात चौघांचा मिळून एक. म्हणून ४८ मेगापिक्सेलचा फोन बहुतेक वेळा १२ चाच फोटो देतो. दुकानदार हे सांगत नाही.

आम्ही आता काय करतो? लाटा दिसल्या की एक पाऊल पुढे-मागे होतो किंवा फोन थोडा तिरका धरतो. फोटो बोटांनी मोठा करून बघतो. लाटा गेल्या, तर त्या फक्त पडद्यावरच्या होत्या. राहिल्या, तर फोटो पुन्हा काढतो. आणि फोटोखाली रंग शब्दांत लिहितो: काळा-पांढरा चौकडा, काठ लाल.