दुसऱ्या झटक्याची साक्ष

उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या शिडीवर चढताना पाय घसरतो, कुणी आंब्याच्या झाडावरून पडतं, कुणी विहिरीच्या काठावरून आत जातं. खेड्यापाड्यात मणक्याला मार लागतो तो बऱ्याचदा असाच. पाय लुळे पडतात आणि घरचे एकच प्रश्न विचारतात: हा पुन्हा चालेल का?

मज्जारज्जूला कुठे आणि किती इजा झाली, हे एमआरआयवर दिसतं. इजेच्या खालचा भाग अजून काम करतो की नाही, हे मात्र त्या चित्रावरून नीट कळत नाही. ते पाहायला त्याला डिवचावंच लागतं. गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का हे पाहण्याची रीत एर्ब आणि वेस्टफाल या जर्मन डॉक्टरांनी १८७५ मध्ये मांडली. पुढे पॉल हॉफमन यांनी गुडघ्यामागच्या नसेला विजेचा झटका देऊन पोटरीचं उत्तर टिपलं. नसांच्या 'एनसीव्ही' तपासणीत आजही ते उत्तर पाहतात. पण त्यात एका वेळी एकाच स्नायूची खबर मिळते.

२००७ मध्ये कारेन मिनासियन आणि सहकाऱ्यांनी व्हिएन्नाहून जी पद्धत सविस्तर मांडली, ती थेट मुळाशी जाते. मज्जारज्जू कंबरेच्या खालपर्यंत पोचत नाही. पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्यापाशीच संपतो. त्यामुळे पायांच्या नसांची मुळं गाठायची तर विजेचा झटका देणारी पट्टी कंबरेच्या वर, छातीच्या अकराव्या-बाराव्या मणक्यावर लावावी लागते. तपासणारा बोटांनी मणके मोजत वर सरकतो आणि जागा धरतो. दुसऱ्या मोठ्या पट्ट्या बेंबीच्या दोन्ही बाजूंना लागतात. सुई नाही, चिरा नाही. एक मिलिसेकंदाचा झटका दिला की दोन्ही पायांचे अनेक स्नायू एकदम उत्तर देतात: मांडीचा पुढचा स्नायू सुमारे १० मिलिसेकंदांत, पोटरी सुमारे २० मिलिसेकंदांत. अंतर जास्त, म्हणून पोटरीला उशीर.

पण हे उत्तर खरंच मज्जारज्जूतून फिरून आलं, की वीज थेट स्नायूकडे जाणाऱ्या तंतूलाच लागली? पडद्यावर दोन्ही लाटा सारख्याच दिसू शकतात. यावर काढलेली तोड फार सुरेख आहे. पहिल्या झटक्यानंतर सुमारे ५० मिलिसेकंदांनी तेवढाच दुसरा झटका द्यायचा. वीज थेट स्नायूच्या तंतूला लागली असेल, तर दुसरी लाट जवळपास पहिलीइतकीच उठते. संवेदनेच्या तंतूंतून मज्जारज्जूत जाऊन ती परतली असेल, तर दुसरी लाट खूप दबते किंवा उठतच नाही, कारण मधला जोड इतक्यात पुन्हा तयार झालेला नसतो. दुसरी लाट गायब झाली, म्हणजे पहिली खरी. एवढ्या साध्या आणि एवढ्या पक्क्या कसोट्या वैद्यकात फार थोड्या सापडतात.

या तपासणीचा अभ्यास आपल्याकडेही होऊ शकतो. १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झालेल्या प्रवरा परिसरात, लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. विळद घाटातही वैद्यकीय आणि भौतिकोपचाराचं शिक्षण मिळतं. ऊसतोड कामगार आणि शेतकरी या दोन्ही ठिकाणांच्या अगदी जवळ आहेत. पदव्युत्तर प्रबंधासाठी या तपासणीपेक्षा उपयोगी विषय शोधूनही सापडणार नाही.

अडचणी मात्र कमी नाहीत. पोटावर चरबी जास्त असेल तर झटका वाढवावा लागतो, आणि पोटाचे स्नायू आवळून माणूस कळवळतो. उताणं झोपलेल्याचं आणि उभ्या माणसाचं उत्तर एकसारखं येत नाही. पट्टी बोटभर सरकली तरी आकडे बदलतात. ज्याला संवेदनाच नाही त्याची कातडी पट्टीखाली पोळली तरी त्याला कळत नाही, म्हणून तपासणाऱ्यालाच पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. पेसमेकर असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना ही तपासणी करत नाहीत. अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मज्जारज्जू 'शॉक'मध्ये असू शकतो, तेव्हा उत्तर न मिळणं म्हणजे सगळं संपलं असं नव्हे. उलट, उत्तर मिळालं म्हणून मेंदूशी जोड शाबूत आहे असंही ठरत नाही. त्यातून फक्त इजेच्या खालचं मज्जारज्जूचं वर्तुळ जिवंत असल्याचं कळतं.

घरच्यांनी हे नीट समजून घ्यावं. ही तपासणी आहे, उपचार नव्हे. कातडीवरून मज्जारज्जूला वीज देणाऱ्या एका उपचारयंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली, तीही मानेच्या अपुऱ्या इजेत हातांची ताकद आणि संवेदना सुधारण्यासाठी. करंट देऊन पाय चालते करतो असं सांगून कुणी पैसे मागितले, तर आधी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञाला विचारा.